घरचा कापूस, घरची रजई

भगिनींनो, दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले आणि वेचणीने जोर धरला. आपल्या बिलोली भागात सध्या ज्या घरात जावे तिथे पुढच्या खोलीत कापसाचा ढीग लागलेला. मुले त्यावर उड्या मारतात, मांजर त्यात पिले घालते आणि घरधनी भावाची वाट पाहत बसतो. अशा दिवसांत मी रजईवर लिहिते आहे, त्याला कारण मागच्या हिवाळ्यात माझी झालेली फजिती.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. थंडी एकाएकी वाढली आणि घरातल्या जुन्या रजया पुरेनात. आठवडी बाजारात एकाची गाडी लागलेली, त्यावर लालभडक फुलांच्या रजया, हाताला गुबगुबीत. दोन घेतल्या. भाव केला, पैसे वाचले म्हणून खूषही झाले. संक्रांतीपर्यंत त्यांच्या गाठी झाल्या. मध्ये नुसते कापड राहिले आणि कडेला गोळे जमले. आत्याबाईंना रात्री शिंकांवर शिंका. शेवटी एका रजईची शिवण उसवली, तर आत करडा, निळा, तपकिरी असा रंगीबेरंगी भुगा. त्यात एक गुंडीसुद्धा सापडली. आत्याबाईंनी ती हातात घेतली, ढिगाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “घरात कापूस आढ्याला लागलाय, अन् आपण लोकाच्या चिंध्या पांघरतोय गं!”

ते बोलणे मनाला लागले. तेव्हापासून पिंजाऱ्याला, गादीवाल्याला, जाणत्या बायांना विचारत राहिले. कळले ते तुमच्यापुढे ठेवते.

ऊब कापूस देत नाही, कापसात अडकलेली हवा देते. तंतू एकमेकांपासून जितके सुटे आणि उभे राहतील तितकी हवा आत धरली जाते. म्हणून दाबली की परत फुगणारी रुई चांगली, आणि दाबली की दबूनच राहणारी रुई किती का पांढरी असेना, रजईला उपयोगाची नाही. याची परीक्षा सोपी. मूठभर रुई घ्या, घट्ट आवळा, दहा आकडे मोजा आणि सोडा. कशी उठते ते पाहा.

या परीक्षेत आपली जुनी गावरान कपाशी पहिली येते. तिचा धागा आखूड आणि जाडाभरडा. गिरणीवाल्याला बारीक सुतासाठी तो चालत नाही, पण त्या जाडपणामुळेच त्यात लोकरीसारखी उसळी असते. एके काळी नांदेडकडची गावराणी कपाशी नावाजलेली होती. पुढे संकरित वाण आले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ तर घरोघरी पोचला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि मग शिवारात तीच दिसू लागली. तिचा धागा लांब आणि मऊ. तो सुताला उत्तम, पण रजईत तीन-चार हिवाळ्यांत बसतो, चपटा होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी तुराब’, ‘विनायक’ असे देशी वाण काढले आहेत; त्यांचा धागा मात्र गिरणीसाठी मुद्दाम लांब केलेला आहे.

मग बीटीच्या कापसाची रजई करूच नये का? तसे नाही. लांब धाग्याचा एक गुण आहे. पिंजल्यावर त्याची पोळी एकसंध राहते, लवकर फुटत नाही. आखूड धागा टाके विरळ पडले की घसरतो आणि कोपऱ्यात जमतो. माझे मत विचाराल तर बांधाला देशी कपाशीच्या दोन ओळी लावाव्यात आणि निम्मी ती, निम्मी ही अशी रुई घ्यावी. देशी नसेल तर नुसती घरची चालेल. फक्त दर तीन-चार वर्षांनी पिंजून घ्यायची.

घरचा कापूस निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. पहिल्या वेचणीचा कापूस झाडाच्या खालच्या बोंडांचा, त्याला माती आणि पावसाचा डाग असतो. शेवटच्या वेचणीत कवडी फार, आणि बोंडअळीने खाल्लेली पिवळी बोंडे. मधल्या वेचणीचा घ्यावा, तोही दव उडाल्यावर वेचलेला. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नका. त्या पोत्याचे धागे रुईत गुंततात आणि पिंजतानाही निघत नाहीत. जुन्या लुगड्यात गाठोडे बांधावे. वेचताना डोक्याला फडके असावे, म्हणजे केस पडत नाहीत.

आता हिशेब. एका माणसाच्या रजईला आपल्याकडच्या थंडीत अडीच किलो रुई पुरते. कापसात रुई एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी सरकी. म्हणजे आठ किलो कापूस काढून ठेवावा, केरकचरा जाऊन अडीच किलो हाती येते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. त्या भावाने आठ किलोचे साडेसहाशेच्या आत होतात, आणि पाचेक किलो सरकी म्हशीच्या आंबोणाला राहते. वर खोळ, पिंजणावळ आणि शिलाई. बाजारच्या रजईपेक्षा थोडी महाग पडेल, हे मी लपवत नाही. पण ती तुम्ही दहा-पंधरा वर्षे पिंजून पिंजून वापराल.

अडचण आहे ती सरकी काढण्याची. जिनिंगवाला आठ किलोसाठी यंत्र लावणार नाही. वातींसाठी आपण पाटावर कापूस ठेवून लोखंडी सळई फिरवतो, तसे आठ किलो करायचे म्हणजे हात मोडतील. यावर दोन वाटा आहेत. एक, कापूस घालताना जिनिंगमधूनच दोन-तीन किलो सुटी रुई विकत मागायची. गठाण बांधायच्या आधीची घ्यावी. गठाणीतली दाबलेली रुई पिंजायला जड जाते. दुसरी वाट, गल्लीतल्या पाच-सहाजणींनी मिळून अर्धा क्विंटल कापूस एकत्र न्यावा, म्हणजे कोणी तरी ऐकतो. कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर त्याला आठवत नाही.

तयार रुई किंवा रजई घ्यायची वेळ आलीच तर दुकानदाराला एक कोपरा उसवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. कच्ची रुई दुधासारखी पांढरी नसते, किंचित पिवळसर झाक असते आणि पानाचा बारीक केर दिसतो. तो केर पाहून नाक मुरडू नका, ती खरेपणाची खूण आहे. रंगीत कण दिसले तर जुन्या कपड्यांचा भुगा समजा. फार पांढरी आणि चकचकीत असेल तर फायबर, म्हणजे पॉलिएस्टर. शंका आली तर चिमूटभर बाहेर नेऊन पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, राख मऊ पडते. फायबर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. काही जण पाण्यात टाकून बघायला सांगतात, बुडला तर खरा म्हणे. त्यावर जाऊ नका. कच्च्या रुईला अंगचा मेणचटपणा असतो, तीही बराच वेळ तरंगते.

फायबरला मी सरसकट नावे ठेवणार नाही. ते हलके असते, धुता येते, झटकन वाळते. अंथरुणात लघवी होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेच बरे. कापसाची रजई एकदा भिजली की वाळता वाळत नाही. पण फायबर घाम शोषत नाही, आणि शेगडीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. बाळंतिणीच्या खोलीत आपण शेक-शेगडी ठेवतो, तिथे ते नको. बाळालाही जाड रजई नको. त्याला जुन्या धोतराचे दुपटे आणि कानटोपी पुरे, तोंडावर पांघरूण घेऊ नये.

काटेसावरीचा कापूस काहींच्या अंगणात मिळतो. तो उशांना छान, रजईला नाही. फार निसरडा, एका जागी राहत नाही.

आमच्याकडे शेवटी काय झाले ते सांगते. बाजारच्या दोन्ही रजया म्हशीच्या कोवळ्या रेडकावर घातल्या. घरातल्या दोन जुन्या दडस रजया, त्यातल्या रुईच्या चौथाई घरची नवी रुई, असे घेऊन पिंजारीचाचांकडे गेले. पूर्वी ते तात लावलेली पिंजण खांद्यावर घेऊन गल्लीत यायचे, तिच्या आवाजानेच आम्ही पोरी धावायचो. आता यंत्र आहे. चाचांनी जुनी रुई चिमटीत धरून ओढली, धागा तुटला नाही. म्हणाले, “बाई, माल जिवंत आहे. जुनाच आहे, पण ह्याला मरण नाही.” धागा ओढल्यावर पिठासारखा तुटला असता तर ती रुई टाकावी लागली असती.

खोळीला आतून मांजरपाट घेतला. रुईचे थर एक उभा, एक आडवा असे पसरले आणि कोपऱ्यांना हात सढळ ठेवला, कारण तिथेच आधी पोकळी पडते. टाक्यांच्या ओळी चार-चार बोटांवर. चाचा हातभर अंतराने घालत होते, मी जवळ बसून करून घेतल्या. तुम्हीही बसा, लाजू नका. उन्हाळ्यात ठेवण्याआधी दोन दिवस कडक उन्ह दाखवा, काठीने हलके झोडपा, घड्यांत कडुलिंबाचा वाळला पाला घाला आणि उंदराला वाट राहणार नाही अशा पेटीत ठेवा.

पिंजाऱ्याकडे पौषात गर्दी होते. मार्गशीर्षातच जाऊन या. आणि व्यापाऱ्याचा काटा दारात यायच्या आधी आठ किलो बाजूला काढा, नंतर घरधनी हात लावू देत नाहीत. जुन्या लुगड्यांच्या वाकळीबद्दल काही भगिनींनी विचारले आहे, ते पुढच्या खेपेला.