जामिनाआधी उपचार

कोठडीतल्या आशिलाचा आजार आपण वकील मंडळी जामीन अर्जात एक मुद्दा म्हणून घालतो. सरकारी पक्ष ‘कारागृहात उपचारांची सोय आहे’ म्हणतो, जामीन फेटाळला जातो आणि अर्जाबरोबर आजारही निकाली निघतो. आमच्या मते उपचार ही स्वतंत्र मागणी आहे, आणि तिचा वेगळा अर्ज पहिल्या रिमांडलाच हवा. तळोजा कारागृहातले स्टॅन स्वामी 83 वर्षांचे, पार्किन्सनचे रुग्ण. पाणी पिण्याच्या सिपरसाठी नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांना न्यायालयात जावे लागले, आणि उत्तर द्यायला तपास यंत्रणेने 20 दिवस मागितले. खासगी रुग्णालयात हलवण्याचा आदेश 28 मे 2021 ला निघाला; 5 जुलैला, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, त्यांचा मृत्यू झाला. त्याच तळोजातल्या वरवरा राव यांना फेब्रुवारीत जामीन देताना उच्च न्यायालयाने तिथले रुग्णालय अपुरे ठरवले होते. तेव्हा ‘सोय आहे’ हे उत्तर तपासल्याशिवाय सोडू नये.

तपासायचे कसे, ते कारागृह अधिनियम, 1894 मध्येच आहे. कलम 38 नुसार वैद्यकीय अधिकाऱ्याचे निर्देश (औषधे देण्याचे आदेश वगळता) रोजच्या रोज कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर चढवायचे, आणि प्रत्येक निर्देश पाळला की नाही हे जेलरने तारखेसह नोंदवायचे. इंग्रजांना कैद्यांचा कळवळा होता असे नव्हे. पण ही नोंद मागवून घेतली, तर रुग्णालयात का नेले नाही याचे उत्तर लेखी द्यावे लागते.

कैदी आजाराचे सोंग करतात, हा आक्षेप जामिनाला लागू पडेल. नुसते उपचार मागणाऱ्याला सोंगातून सुटका मिळत नाही. रुग्णालयात न्यायला बंदोबस्ताचे पोलीस नाहीत, ही सबब रोजची. खत्री विरुद्ध बिहार (1981) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोफत विधी साहाय्याबाबत आर्थिक वा प्रशासकीय अडचणीची ढाल नाकारली. जिवाच्या हक्काला ती कशी चालेल? बाहेरच्या गरिबालाही कुठे मिळतात उपचार, हा प्रश्न जास्त बोचरा आहे. पण बाहेरचा माणूस उसनवारी करून दुसरा दवाखाना गाठू शकतो. कैद्याची ती वाट राज्यानेच बंद केलेली असते.

आपल्या जालन्यात ऑक्टोबर 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणती तपासणी इथे होते आणि कशासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातच जावे लागते, हे आधी विचारून अर्जात रुग्णालयाचे नाव आणि तारीख घालावी. आशिलाकडे पैसे नसतील, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 खाली कोठडीतली कोणतीही व्यक्ती पात्र आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.