बेटावरचा ब्रंच आणि सकाळची गोळी

"डॉक्टर, अंदमानला चाललोय. हॉटेलात ब्रंचचा बुफे आहे. खाल्लं तर चालेल ना?"

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्याचा आवाज असा असतो, जणू एखाद्या गुन्ह्याची परवानगी मागतोय. माझं उत्तर ठरलेलं आहे: खा, मजेत खा. मधुमेह असला तरी खा. पण त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. सकाळची गोळी किती वाजता घेणार?

हा प्रश्न मी का विचारतो, ते सांगतो. माझे एक पेशंट, साठीचे काका, बारा वर्षांपासून मधुमेही. अंदमानला गेले. रोजच्या सवयीने सातला ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. "ब्रंचला भरपूर खायचंय, पोट रिकामं ठेवू," म्हणून फक्त बिनसाखरेचा चहा घेतला आणि समुद्रावर फिरून आले. साडेदहाला बुफेच्या रांगेत उभे असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. काकूंना वाटलं उकाड्याने होतंय. सुदैवाने ग्लुकोमीटर खोलीत होता. साखर 52! बुफेतला एक घासही पोटात गेला नव्हता.

म्हणजे ज्या बुफेला काका घाबरत होते, त्याने काहीच केलं नव्हतं. घात केला तो वाट पाहण्याने.

अंदमानात हे जास्त का होतं?

अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण तिथलं घड्याळ आपलंच. त्यामुळे मुंबईत जानेवारीत सव्वासातला दिसणारा सूर्य तिथे पावणेसहाच्या सुमारास वर येतो. मे महिन्यात तर पाचलाच. माणूस आपोआप लवकर उठतो, फिरतो, भूक लागते. आणि ब्रंच सुरू होतो दहा-साडेदहाला. उठल्यापासून पाच तास उपाशी, त्यात चालणं आणि पोटात गोळी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही खाल्लंय की नाही, हे गोळीला कळत नाही. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनचंही तसंच. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी खाली जात नाही. म्हणून आपली गोळी नेमकी कोणती, हे प्रवासाआधी माहीत करून घ्या.

नियम सोपा आहे. ही औषधं घड्याळाशी बांधलेली नसतात, जेवणाशी बांधलेली असतात. सातला गोळी घ्यायची असेल, तर सातला थोडं तरी पोटभरीचं खा. ब्रंच हेच पहिलं जेवण असेल, तर गोळी ब्रंचबरोबर. चोवीस तास काम करणाऱ्या बेसल इन्सुलिनची वेळ मात्र बदलू नका. बीपीची आणि थायरॉइडची गोळीही नेहमीच्या वेळेलाच. तुमच्यासाठी नेमकं काय, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि साखर 70 च्या खाली असली (किंवा मोजायची सोय नसली), तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

'पैसे वसूल' आणि 'मला काहीच नको'

आता बुफेबद्दल. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. पहिलं 'पैसे वसूल'. पैसे तर खोली बुक केली तेव्हाच गेले, ते पोटात भरून परत मिळत नाहीत. मिळते ती आम्लपित्ताची रात्र. आणि त्यानंतर स्वराज द्वीपला जायची बोट असेल, तर उलट्या. गोळी घेऊन झाल्यावर खाल्लेलं सगळं उलटून पडलं, तर साखर पुन्हा खाली जाऊ शकते.

दुसरं टोक म्हणजे सगळ्यांसमोर काकडीचे चार काप खायचे आणि रात्री खोलीत चिवड्याचं पाकीट संपवायचं. हेही मला पटत नाही. तुमचं एचबीए1सी सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगतं, एका ब्रंचचा नाही.

मी स्वतः काय करतो? आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारतो. घरी रोज मिळतं ते सोडून देतो. इडली आणि कॉर्नफ्लेक्स खायला कोणी समुद्र ओलांडत नाही. पहिल्या ताटात भाज्या, अंडी, मासे. मग भात, पाव, डोसा. शेवटी एक गोड, आवडीचं. या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून दोन ताटांच्या मध्ये गप्पा माराव्यात. रसाऐवजी फळ घ्यावं. संत्र्याच्या रसाच्या मोठ्या पेल्यात वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते.

दोन गोष्टींत मात्र मी कडक आहे. पहिली, मासे. गरम पदार्थ वाफाळता आणि थंड पदार्थ बर्फावर असेल तरच घ्या. ट्यूनासारखा मासा उष्ण हवेत नीट थंड ठेवला नाही, तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पुरळ येतं. दुसरी, शहाळं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

काका या वर्षी पुन्हा निघालेत. सकाळी दोन खाकरे, गोळी ब्रंचबरोबर आणि शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी, एवढं ठरलंय. तुम्हीही जाऊन या. परत आल्यावर आधी काय काय खाल्लंत ते सांगा. साखर किती आली, ते नंतर बघू.