नाकातले थेंब : पाच दिवसच!

पावसाळा सरताना धुऱ्यांवर गाजरगवत फुलते आणि आमच्या यवतमाळच्या ओपीडीत शिंकत, नाक चोळत येणारे वाढतात. अनेकांच्या खिशात नाक मोकळे करणारे थेंब असतातच. ‘डॉक्टरसाहेब, याच्याशिवाय झोपच लागत नाही!’

नाक केवळ शेंबडाने चोंदत नाही. परागकण लागताच नाकातील मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका, पाणी सुरू होते. पाठोपाठ ल्युकोट्राइन येतात. या रसायनांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, अस्तर सुजते. शिंका थांबवणारी सेट्रिझिनसारखी गोळी या सुजेवर तोकडी पडते.

झायलोमेटाझोलिनचे थेंब वाहिन्या आवळतात. ॲलर्जी तशीच राहते. पाच दिवसांपुढे वापरत राहिल्यास परिणाम ओसरताच वाहिन्या पुन्हा फुगतात आणि माणूस बाटली शोधतो.

मूळ सूज कमी करतो तो स्टिरॉइडचा फवारा. नाव ऐकून घाबरू नका. मात्रा अल्प असते आणि ती मुख्यतः नाकातच काम करते. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यावा, आठवडा-दोन आठवडे धीर धरावा.

आणि औषध दुकानदारांनो, थेंबांची बाटली देताना ‘पाच दिवसच’ एवढे दोन शब्द जरूर सांगा. ते सांगणेही औषधच आहे.