हुर्यो कोणी उडवली होती?

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीचे नाव तेलुगू आहे. नल्ल म्हणजे काळे, कुंटा म्हणजे लहान तळे. तेथील सरकारी तापाच्या दवाखान्याला जुनी माणसे 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. त्यातला 'कोरंटी' हा क्वारंटाइनचा अपभ्रंश, तर 'दवाखाना' हा फारसीतून आलेला शब्द. जवळच काचीगुडा स्थानक. मनमाड-नांदेडकडून येणारी मीटरगेज गाडी पूर्वी येथवर येई आणि धर्माबाद-उमरीचा माणूस शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी, नोकरीसाठी येथे उतरे. त्याला तेलुगू येत नसली तरी दखनीवर निभावून जाई.

परंतु हे सारे गुण्यागोविंदानेच चालले होते, असे म्हणणे खरे नाही. निजामी राजवटीत सरकारी भाषा उर्दू. मराठी, तेलुगू, कानडी या तिघी बहिणी सारख्याच उपेक्षित. तरीही नोव्हेंबर १९२१ मध्ये शहरातील विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली असता, आलंपल्ली वेंकटरामराव यांनी तेलुगूत बोलण्यास प्रारंभ करताच सभेत त्यांची हुर्यो उडवण्यात आली. हुर्यो उडवणाऱ्यांत आपली मराठी मंडळी पुढे होती! सुधारणेच्या व्यासपीठावर हे घडावे, हे विशेष. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जनसंघ स्थापन केला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली आणि तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठेत झाले. १९५६ च्या भाषावार रचनेला इतर अनेक कारणे होती हे मान्य. पण शेजाऱ्याच्या भाषेला हसण्याची किंमत किती मोठी असते, हे त्या सभेने दाखवून दिले.

याच हैदराबादेत १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपुरात शिकलेले आणि मराठी नियतकालिकांत लिहिणारे. मराठी येते म्हणून त्यांचे तेलुगूपण कमी झाले नाही.

आज प्रश्न शाळेचा आहे. तेलंगणाने २०१८ साली शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने २०२० साली मराठी. दोन्ही कायद्यांमागची भावना एकच आहे. पण तिकडच्या कायद्याने मराठी मुलावर अन्याय होतो असे म्हणायचे आणि देगलूर-बिलोलीतील तेलुगू घरच्या मुलाविषयी अवाक्षर काढायचे नाही, हा कुठला न्याय? राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगितले आहे. हे कलम सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. ते आपण आपल्यापुरतेच वाचतो.

चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या, दोन्ही राज्ये आपला हक्क सांगतात त्या १४ गावांत एकाच वस्तीत दोन राज्यांचे कारभार चालतात. तेथील मुलांच्या कानावर दोन्ही भाषा लहानपणापासूनच पडतात. त्यांना तिसऱ्या कोणी एकीचा अभिमान शिकवण्याची गरज नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची आहे. असे शिक्षक नेमा, ही मागणी नांदेडकर आणि निजामाबादकर पालक एकाच निवेदनात, मराठीत व तेलुगूत, दोन्ही सरकारांकडे करू शकतात. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.