यादीत नसलेला डोंगर

रायगड जिल्ह्याच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री. अलिबाग-मुरूडकडच्या गावांत उधाणाचे पाणी किनारा पोखरते, सुरूची झाडे मुळांसकट आडवी होतात आणि ग्रामपंचायती धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी ठराव करत राहतात. कर्जत-खालापूरला समुद्र नाही. इथे जमीन खाणारे पाणी वरून पडते. किनाऱ्याची झीज दरवर्षी डोळ्यांना दिसते, म्हणून ती गावाच्या कामकाजात येते. डोंगराची झीज आतल्या आत होते आणि एका रात्रीत बाहेर पडते. त्यामुळे आपल्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर रस्ता असतो, नळयोजना असते, समाजमंदिर असते, पण डोंगर नसतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ४८ कुटुंबांची, २२८ लोकवस्तीची ही ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या परिसरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीसाठी चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यालाही प्राण गमवावे लागले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

डॉक्टर म्हणून या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबतो. दवाखान्यात येणारा माणूस अनेकदा सांगतो, "गेल्या वर्षी तपासणी केली, काही निघालं नाही." तपासणीत काही निघाले नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. त्या दिवशी, त्या चाचणीला तो दिसला नाही, एवढाच होतो. भूगर्भतज्ज्ञांच्या याद्या आणि नकाशे मोलाचे आहेत, पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा देशभराचा दरडप्रवणता नकाशा १:५०,००० या प्रमाणावर काढलेला आहे. म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो. चाळीस घरांची वाडी त्यात टिंबाएवढी. त्या टिंबामागच्या उतारात काय चालले आहे, हे तिथे राहणाऱ्यालाच आधी कळणार.

दरड कोसळते कशी? आपल्याकडे खाली काळा कातळ आणि त्यावर झिजलेल्या दगडाचा, मुरमाचा व मातीचा थर असतो. पाऊस संततधार लागला की हा थर पाण्याने भरतो. कातळात पाणी सहज मुरत नाही, म्हणून ते दोहोंच्या सांध्यावर साठते. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वजनाने जड झालेला थर उतारावरून निसटतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी, घरासाठी किंवा फार्महाऊसच्या प्लॉटसाठी उभा कापलेला असेल, तर वरच्या मातीचा टेकू आधीच गेलेला असतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत असे कापलेले उतार शोधायला लांब जावे लागत नाही.

यातली काही लक्षणे आधी दिसू शकतात. जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नव्याने पडलेल्या आणि रुंदावत जाणाऱ्या भेगा, कलू लागलेली झाडे व विजेचे खांब, अचानक घट्ट बसणारी दारे, नितळ झऱ्याला येणारे गढूळ पाणी, एरवी वाहणारा झरा एकाएकी बंद पडणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, डोंगरातून येणारा दगड घसरल्याचा आवाज. प्रत्येक दरडीआधी ही सगळी दिसतीलच असे नाही. पण दिसली आणि कोणी लिहून घेतली नाहीत, तर ती दिसून उपयोग काय?

इथे प्रश्न स्थानिक कारभाराचा होतो. झऱ्याचे पाणी बदलले हे वाडीत सर्वांत आधी कोणाला कळते? पाणी भरणाऱ्या बाईला. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती सभा खरोखर घेतली आणि तिच्यात "यंदा पाणी कसं येतंय?" एवढे विचारले, तरी ती डोंगराची पहिली तपासणी ठरेल. प्रत्यक्षात काय घडते ते आपण जाणतो. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसल्याने मोजक्या माणसांत ठराव होतात. डोंगरावरून दीड तास उतरून, दिवसाची मजुरी बुडवून येणारा वाडीतला माणूस त्या मोजक्यांत नसतो.

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने पालघर-नंदुरबारच्या पाड्यांना जी स्वतःच्या ग्रामसभेची वाट मिळाली, ती इथल्या ठाकर-कातकरी वाड्यांना नाही. वाडी नावाला ग्रामपंचायतीत, पण आवाज मूळ गावाचा. म्हणूनच पावसाळ्याआधीची एक सभा वाडीतच घ्यावी. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक आणि आशाताईंनी एकत्र वर चढून जावे. हा चढ त्यांच्या पायांना कळला, तर रात्री आजारी माणसाला डोलीतून खाली आणणे म्हणजे काय, हेही कळेल.

आरोग्याच्या बाजूने हा विषय का महत्त्वाचा, हे स्पष्टच सांगतो. पुरात, वादळात, अपघातात आम्हा डॉक्टरांना करण्यासारखे बरेच असते. दरडीत फार थोडे असते. मातीखाली श्वास कोंडलेल्या माणसाचा वेळ मिनिटांत मोजला जातो, आणि मदत पोहोचायला तास लागतात. या आजारावर उपचार नाही म्हटले तरी चालेल, फक्त प्रतिबंध आहे. मागे उरतात त्यांचे दुखणे वेगळे. घरातली चार माणसे एका रात्रीत गेलेल्याला झोप लागत नाही, पावसाचा आवाज आला की छाती धडधडते, दारू वाढते, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात. इर्शाळवाडीचे वाचलेले लोक महिनोन्महिने कंटेनरच्या घरांत राहिले. अशा वस्तीत मानसोपचार ही चैन नसते, लसीकरणाइतकीच गरज असते.

प्रतिबंधाला विरोध होतो, तोही समजून घेतला पाहिजे. "चला, खाली शाळेत झोपा" असे सांगितले की लोक येत नाहीत. त्यांना आपण अडाणी म्हणतो. पण शेळ्या-बैल कुठे बांधायचे? शाळेच्या संडासाला पाणी आहे का? तरण्या मुलींनी अंधारात जायचे कुठे? आणि दहा रात्री खाली झोपूनही काहीच घडले नाही, तर अकराव्या रात्री कोण येणार? आजाराच्या चाळणी चाचणीतही हीच अडचण असते. एकही रुग्ण निसटू नये म्हणून जाळे बारीक विणले, की निरोगी माणसांनाही हेलपाटा पडतो. उपाय एकच, हेलपाटा सोपा करायचा. गोठ्याची शेड, दिवा, चालू संडास, टीसीएल टाकलेले पाणी आणि गरम जेवण असेल, तर अकराव्या रात्रीही माणसे उतरतील.

यासाठी पैसा अगदीच नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि ४० टक्के गावाने ठरवायची होती. निवाऱ्याचे संडास-पाणी पहिल्यात बसते, गोठा आणि दिवा दुसऱ्यात. गावाच्या आरोग्य व पोषण समितीकडे वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो. त्यातून शाळेत साधे पर्जन्यमापक बसू शकते. हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. तालुक्याचा आकडा आणि डोंगरमाथ्याचा आकडा यांत मोठा फरक असू शकतो. वाडीने स्वतः मोजलेला आकडा फोनवर तहसील कार्यालयाला कळला, तर हलायचा निर्णय वेळेत होईल.

आशाताईंच्या वहीत आणखी एक पान असावे: वाडीतल्या गरोदर महिला, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, क्षयाचे व फिटचे रुग्ण, आणि त्यांना खाली कोण आणणार त्याचे नाव. पाऊस लागला की पंधरा दिवसांची औषधे आधीच द्यावीत. नववा महिना लागलेल्या बाईला जूनअखेरच खालच्या गावात नातेवाइकांकडे आणावे. चिखलात काम केलेल्यांनी ताप आल्यास लेप्टोची शंका धरून लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

माळीण २०१४ मध्ये गेली, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत असे २०११ मध्येच सुचवले होते. त्या अहवालावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आपल्या ग्रामपंचायतीला त्यासाठी थांबण्याची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा ती वाचा. विषयांत "डोंगरउताराची पाहणी व पावसाळी निवारा" नसेल, तर लेखी अर्ज देऊन तो घालायला लावा, आणि उतार कापायला ना-हरकत मागणारा अर्ज आला असेल तर वाडीतल्या माणसांसमोर तो मोठ्याने वाचायला सांगा.