न आलेल्या पालकांचा कैवार

पालक सभा आटोपली, सतरंज्या गुंडाळल्या, चहाचे पेले गोळा झाले, की आम्हा शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास उच्चारले जाते: "पालकच उदासीन, तिथे आपण काय करणार?" निरोप शंभरांना गेलेला असतो, आलेले असतात वीस-बावीस. हिशेब चोख दिसतो. निकाल लागतो, आरोपी गैरहजर असल्यामुळे त्याच्याविरुद्धच लागतो, आणि आम्ही निर्धास्त मनाने घरी जातो. या निकालाविरुद्ध मला अपील करावयाचे आहे.

इंदापूर तालुक्यात शेळगावच्या आसपास एका शाळेत मी शिकवतो. हा नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा, उसाचा मुलूख. इथला माणूस सभांना कंटाळलेला आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा एकदा पाहावी. पाणी सोडण्याची पाळी ठरावयाची असेल तर हाच उदासीन पालक रात्री दहाला बॅटरी घेऊन चालत येतो, आणि आपले म्हणणे मांडल्यावाचून उठत नाही. का? कारण तिथे काही ठरते. उसाला भाव काय, पाणी कोणाला आधी, हे ठरते. आमच्या सभेत काय ठरते? आधीच लिहून ठेवलेले ठराव 'सर्वानुमते मंजूर' होतात, सह्या होतात, एक छायाचित्र काढून वर पाठविले जाते. जिथे काहीच ठरावयाचे नाही तिथे कामाचा दिवस बुडवून न जाणे, याला मी उदासीनता म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतो.

बरे, जे येतात त्यांना आम्ही काय देतो? ज्याचे पोर वर्गात पहिले-दुसरे, तो बाप पेपर मागून घेतो, अर्ध्या गुणासाठी पाऊण तास वाद घालतो आणि जाताना सांगून जातो, की पुढल्या वर्षी मुलाला इंग्रजी शाळेत घालणार आहे. त्याला सभेची गरजच नव्हती. जिला गरज होती ती बाई मागे भिंतीशी बसलेली असते. तिची पाळी आली की चारचौघांत यादी वाचली जाते: मुलगा लक्ष देत नाही, अक्षर वाईट, वही नाही, पाढे येत नाहीत. ती मान खाली घालून ऐकते. सगळे तिला ठाऊकच असते. यावर तिने करावे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढच्या सभेला तिने का यावे?

आणि एक तिसरा पालक आहे. तो आमच्या हिशेबातच नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने करणारी भाषा आपण बोलतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. अशाच एका टोळीतली मुलगी आठवड्यातून दोनच दिवस शाळेत येई. तिच्या नावापुढे 'पालक उदासीन' असा शेरा पडला होता. मी कालव्यापलीकडच्या कोपीवर गेलो. मुलीच्या काखेत धाकटा भाऊ होता. आई पहाटेच फडात गेलेली. ती अंधार पडल्यावर आली, डोक्यावर वाढ्यांचा भारा. सभेला का आला नाहीत, असे मी विचारले. ती म्हणाली, "दुपारी कशी येऊ गुरुजी? मुकादम सोडतोय व्हय? रातच्याला ठिवा की सभा. आमी येतो, हितं काय लांब न्हाय."

या उत्तरात उदासीनता कुठे आहे, ते कोणी मला दाखवावे.

ही गोष्ट नवी नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी स्पष्ट लिहिले होते, की खेड्यातला शेतकरी शाळेपासून दूर राहतो तो अत्यंत दारिद्र्यामुळे, आणि गुरे राखावयास व शेत सांभाळावयास त्याला पोरांची गरज असते म्हणून. त्यांनी कारण दिले. आम्ही एवढ्या वर्षांनी शेरा देतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही त्याच समितीकडे सोपविले. म्हणजे ठरविण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. पण समिती बनते तेव्हा टोळीतली माणसे बहुधा आपल्या गावी असतात, आणि ती इथे येतात तेव्हा समिती बनून गेलेली असते. तिकडेही नाहीत, इकडेही नाहीत.

म्हणून माझे मागणे साधे आहे. सभा रात्री आठला घ्या, आणि गळिताच्या हंगामात निदान एक सभा कोपींपाशी घ्या. मुलांच्या चुका तिथे वाचू नका. त्या पोराच्या आईला बाजूला घेऊन सांगा. सभेत एकच प्रश्न ठेवा, पण तो खरोखरीचा असू द्या: आई फडात असताना धाकटे मूल कोणी सांभाळायचे, म्हणजे थोरली शाळेत येईल? गावाने खोली द्यायची, शाळेने की कारखान्याने? याचे उत्तर ठरल्याशिवाय उठू नका.

आमचेच काही बंधू म्हणतील, रात्री कोपीवर जाणे ही शिक्षकाची नोकरी नव्हे. जनगणना आणि निवडणूक, ही कामे त्याच कायद्याने आमच्याकडे ठेवली आहेत, आणि त्यांसाठी आम्ही वस्त्यावस्त्यांतून कुत्री चुकवीत, घरांवर क्रमांक घालीत हिंडलो आहोत. रस्ता आम्हांला माहीत आहे.