‘फसली कशी?’ हा प्रश्न कुणाला विचारायचा?



एकेकाळी कामाच्या जोडीला रेडिओ असायचा. आता भाकरी थापताना मोबाईलवर पॉडकास्ट चालू असतात. बुवाबाजी, नरबळी, पंथाच्या नावाखालची फसवणूक, अशा खऱ्या गुन्ह्यांच्या कथनांना मोठी मागणी आहे. परदेशातल्या पाहण्यांत तर पुरुषांपेक्षा बायकाच ती जास्त ऐकतात असे दिसले. नवल नाही. धोका ओळखून राहायची सवय आपल्याला लहानपणापासूनच लावलेली असते.

म्हणून ‘असले कशाला ऐकता?’ असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ऐकून झाल्यावरच्या मतांचा. दोन मते हमखास ऐकू येतात: ‘ती बाई एवढी क्रूर कशी?’ आणि ‘या बायका एवढ्या भोळ्या कशा?’ दोन्हींत आरोपीच्या पिंजऱ्यात बाईच.

मानवतचेच पाहा. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, त्यामुळे मानवत आपल्याला परके नाही. १९७२ ते १९७४ या काळात, ऐन दुष्काळाच्या वेळी, तिथे एकामागून एक मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून हे बळी दिले, अशी सरकार पक्षाची मांडणी होती. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली आणि चर्चा पुन्हा सुरू झाली. त्या चर्चेत पारधी समाजातली आरोपी बाई चेटकिणीसारखी उभी राहते. ती आणि तिच्यासोबतचा मुख्य आरोपी न्यायालयातून अखेर निर्दोष सुटले, हे मात्र कुणी फारसे सांगत नाही. ज्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. आणि मारल्या गेलेल्या मुली? त्या गोष्टीत फक्त आकडा म्हणून उरतात.

आता ‘भोळ्या’ बायकांविषयी. मूल होत नाही म्हणून सासरी रोज टोमणे, दवाखान्याला पैसे नाहीत, आणि बाबाकडे नेणारी पुष्कळदा घरचीच माणसे. यात भोळेपणा किती आणि नाइलाज किती? हरियाणातल्या डेरा सच्चा सौदातल्या एका साध्वीने २००२ मध्ये निनावी पत्र लिहून अत्याचाराला वाचा फोडली. डेराप्रमुख दोषी ठरायला २०१७ उजाडले. पंधरा वर्षे! बाई बोलली होती. तिचे म्हणणे मान्य व्हायलाच एवढा काळ गेला.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झाला. दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याने फसवणाऱ्याला धरले आहे. ‘तू गेलीसच का?’ असा सवाल तो बाईला करत नाही. मग आपण का करावा?

ऐकणे सोडू नका, पण एकटीने ऐकून घाबरून बसू नका. बचत गटाच्या बैठकीत एखादा भाग मिळून ऐका आणि विचारा: पैसा कुणाला मिळाला? बाईला तिथे कुणी नेले? तिने आधी कुणाला सांगितले होते, आणि त्याने काय केले? आरोप आणि निकाल वेगवेगळे सांगितले का? आपल्या गावात हे घडले तर पोलीस ठाण्यात तिच्यासोबत कोण जाईल?

हे शेवटचे नाव बैठक संपण्याआधी ठरवा. कारण फसलेली बाई बोलायचे की नाही हे ठरवताना आपल्याकडेच पाहत असते. तिच्यासारखीच्या गोष्टीवर आपण काय मत दिले, ते तिने ऐकलेले असते.